विमानाचे तेल आणि वायद्याचे कुंपण

आमच्या घरी एप्रिल महिन्यात वर्षाचा गहू भरण्याची पद्धत आहे. चार क्विंटल गहू येतो, गच्चीवर ऊन खातो, कडुलिंबाच्या पाल्यासह कोठीत जातो आणि पुढे वर्षभर त्याचा विषय संपतो. निदान आईपुरता तरी संपतो. वडिलांचा संपत नाही. दिवाळीच्या सुमारास ते वाण्याकडे सहज म्हणून भाव विचारतात. भाव चढलेला असला तर घरी येऊन काही बोलत नाहीत. उतरलेला असला तर मात्र चहा पिता पिता हिशेब मांडतात. "किलोमागे दोन रुपये. चार क्विंटल. म्हणजे आठशे रुपये पाण्यात!" यावर आईचे उत्तर ठरलेले आहे. "पाण्यात कुठे? कोठीत आहेत."

या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला जोखीम आणि विमा हे प्रकरण चालू असताना सरांनी विमानकंपन्यांच्या तेलखरेदीचे उदाहरण ओझरते दिले, आणि माझ्या ध्यानात आले की हे तर आमच्याच घरचे भांडण आहे. फरक इतकाच की तेथे आकडे कोटी डॉलरांचे आहेत. मग ग्रंथालयात बसून जे वाचले, त्यातून हा लेख झाला. वाणिज्य शाखेच्या मित्रांना यातील काही भाग प्राथमिक वाटेल. त्यांनी तो खुशाल गाळून पुढे जावे.

विमानाचे इंधन म्हणजे दुसरेतिसरे काही नसून अतिशय शुद्ध केलेले रॉकेलच होय. दीडशे-पावणेदोनशे प्रवासी नेणारे मध्यम आकाराचे जेट विमान तासाला सुमारे अडीच टन इंधन जाळते. मुंबईहून दिल्लीला जाईपर्यंत चार-पाच टनांची वाफ होते. त्यामुळे विमानकंपनीच्या खर्चात इंधन हे नेहमीच एक मोठे कलम असते. परंतु ते किती मोठे, हे कंपनीच्या हाती नसते. जगातील विमानकंपन्यांचा एकूण खर्च घेतला तर २००३ साली इंधनाचा वाटा सुमारे सातव्या हिश्श्याइतका होता. २००८ साली तो एकतृतीयांशाच्या घरात गेला. पाच वर्षांत विमाने काही दुप्पट तेल पिऊ लागली नव्हती. तेलच महाग झाले होते.

आता एक साधे गणित करू. समजा, एका कंपनीने वर्षभरात तिकिटांचे शंभर रुपये मिळवले. त्यांतले तीस इंधनावर गेले. पगार, विमानांची भाडी, दुरुस्ती, विमानतळांचे आकार यांत सहासष्ट गेले. उरले चार. हे चार रुपये मी मुद्दाम कमी धरलेले नाहीत. या धंद्यात बऱ्या वर्षीही शंभरामागे चार-पाच रुपयेच उरतात. आता तेल पंधरा टक्क्यांनी चढले. तीसचे साडेचौतीस झाले. चार रुपये नफ्याच्या जागी आठ आणे तोटा! वैमानिकांनी कसूर केली नाही, विमाने वेळेवर सुटली, आसने भरलेली होती, तरीही तोटा.

कोणी म्हणेल, मग तिकीट वाढवावे. वाढवतातही, पण येथे एक पेच आहे. दिवाळीला गावी जाणारा मनुष्य श्रावणातच तिकीट काढून ठेवतो. त्याच्याकडून पैसे श्रावणात आले, विमानात तेल मात्र आश्विनाच्या भावाने भरायचे. म्हणजे तिकीट विकणे हाच मुळी एक वायदा आहे. कंपनीने प्रवाशाला ठरलेल्या किमतीत नेण्याचा शब्द दिलेला आहे आणि त्या शब्दाला लागणारे तेल अजून घेतलेले नाही. शब्द एका भावाचा आणि खरेदी दुसऱ्या भावाची, ही या धंद्याची खरी दुखरी जागा आहे.

यावर जो उपाय करतात त्याला इंग्रजीत 'हेजिंग' म्हणतात. 'हेज' म्हणजे कुंपण. गव्हासारखी तेलाची बेगमी करून ठेवावी म्हटले तर वर्षाचे तेल साठवायला टाक्या कोठून आणायच्या? म्हणून ही बेगमी कागदावर होते. कंपनी एखाद्या बँकेशी करार करते की, सहा महिन्यांनंतरच्या तेलाचा भाव आपल्या दोघांत पिंपाला साठ डॉलर. (पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर.) सहा महिन्यांनी बाजारात भाव नव्वद झाला तर बँक वरचे तीस डॉलर कंपनीला देते. कंपनी तेल नव्वदनेच विकत घेते, पण तिला पडते साठला. भाव चाळीसवर आला तर उलट कंपनीने बँकेला वीस डॉलर द्यायचे; म्हणजे तेल पुन्हा साठलाच पडले. या व्यवहारात तेलाचा एक थेंबही या हातातून त्या हातात जात नाही. फक्त फरक दिला-घेतला जातो.

दुसरा प्रकार हक्काचा. साठने घेण्याचा केवळ हक्क विकत घ्यायचा. भाव चढला तर हक्क बजावायचा, उतरला तर कागद फाडून टाकायचा. यात नुकसान होते ते हक्कासाठी दिलेल्या हप्त्याचे, जसे विम्यात होते. मुंबईच्या जुन्या बाजारात चढत्या भावाच्या अशा हक्काला 'तेजी' आणि उतरत्या भावाच्या हक्काला 'मंदी' म्हणत. आपल्याला हे प्रकरण परके वाटण्याचे कारण नाही. मुंबईत कापसाच्या वायद्यांसाठी १८७५ साली संस्था स्थापन झाली होती, आणि १९५२ च्या वायदा कराराच्या कायद्याने मालातील तेजी-मंदीच्या सौद्यांना बंदी घालावी लागली, यावरूनच ते आपल्याकडे किती रुळले होते हे दिसते. असो.

तिसरा प्रकार सर्वांत मोहक. हक्काचा हप्ता जड वाटतो, म्हणून कंपनी बँकेकडून तेजी घेते आणि त्याच वेळी बँकेला मंदी विकते. एकाचा हप्ता दुसऱ्यात वळता होतो, खिशातून काही जात नाही. भाव मर्यादेत राहिला तर कोणाचेच काही बिघडत नाही. परंतु तो फार खाली कोसळला तर कंपनीला भरपाई द्यावी लागते, आणि कोसळण्याला तळ नसतो. विमा फुकट मिळत असला तर विमा उतरवणारे नक्की कोण आणि देणारे कोण, हे एकदा पाहून घ्यावे असे मला वाटते.

या कुंपणाची सर्वांत गाजलेली कहाणी अमेरिकेतील साउथवेस्ट एअरलाइन्स या कंपनीची. १९७१ साली टेक्ससमध्ये तीन शहरांच्या दरम्यान उडू लागलेली ही स्वस्त तिकिटांची कंपनी. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात तिने तेलाचे कुंपण घालायला सुरुवात केली आणि पुढे तेल स्वस्त होते तेव्हाच लांबच्या वर्षांचे करार करून ठेवले. २००५ साली बाजारात तेल पिंपाला पन्नास डॉलरच्या वर गेले, तेव्हा साउथवेस्टच्या गरजेपैकी सुमारे ८५ टक्के तेल सव्वीस डॉलरच्या भावाला बांधलेले होते! त्या एका वर्षात या करारांनी तिचे सुमारे ८९ कोटी डॉलर वाचवले. त्या वर्षी तिने जाहीर केलेला व्यवसायातील नफा होता ८२ कोटी. दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. कुंपण नसते तर नफ्याचे शेत जवळजवळ उघडे पडले असते.

येथेच एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे, कारण हे आकडे वाचून मीही प्रथम चुकीचा निष्कर्ष काढला होता. मला वाटले, हेजिंग हा नफा मिळवण्याचा मार्ग आहे. तसे ते नाही. जो भाव आज बाजार पुढच्या वर्षासाठी सांगतो, त्याच भावाला करार होतो. त्यात सरासरीने कोणालाच फुकट काही मिळत नाही, उलट बँकेची दलाली जाते. साउथवेस्टला मिळाले, कारण तेल सतत अनेक वर्षे चढत राहिले. हे तिला आधी ठाऊक नव्हते, कोणालाच नव्हते. तिला जे खरोखर हवे होते ते निराळेच होते. वर्षाच्या सुरुवातीला तिकिटाचा भाव ठरवता यावा, नव्या विमानांची मागणी नोंदवता यावी आणि मध्येच तेलाने दगा देऊ नये. म्हणजे निश्चिंती. आई चार क्विंटल गहू घेते तो गव्हात पैसे कमावण्यासाठी घेत नाही.

पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे, नाहीतर गोष्ट अर्धी राहील. ११ जुलै २००८ रोजी कच्चे तेल पिंपाला १४७ डॉलरला पोचले. त्या वर्षी साउथवेस्टचे सुमारे ७० टक्के तेल ५१ डॉलरला बांधलेले होते आणि सारे जग तिच्या दूरदृष्टीचे गोडवे गात होते. मग अमेरिकेतील बँका कोसळल्या, मंदी आली, आणि डिसेंबरात तेच तेल पस्तीस डॉलरच्याही खाली आले. पाच महिन्यांत! हातातल्या करारांची किंमत घसरली, आणि हिशेबाच्या नियमाप्रमाणे ती घसरण लगेच वहीत दाखवावी लागली. सतरा वर्षांत प्रथमच साउथवेस्टने एका तिमाहीत तोटा जाहीर केला, १२ कोटी डॉलरचा. तो बव्हंशी कागदी तोटा होता आणि पूर्ण वर्षाचा विचार करता कंपनी नफ्यातच राहिली. परंतु कालपर्यंत गोडवे गाणाऱ्यांनी आता वडिलांप्रमाणे चहा पिता पिता हिशेब मांडले.

आता प्रश्न असा पडतो की, एवढे चांगले कुंपण होते तर इतर अमेरिकन कंपन्यांनी ते का घातले नाही? त्यांच्याकडे हुशार माणसे नव्हती काय? मला या साऱ्या विषयात सर्वांत महत्त्वाचे वाटले ते याचे उत्तर.

डेल्टा ही अमेरिकेतील एक फार मोठी आणि जुनी कंपनी. तिच्याकडेही तेलाचे करार होते. परंतु २००१ च्या हल्ल्यांनंतर प्रवासी घटले होते, कर्ज वाढले होते आणि रोख पैशाची चणचण होती. फेब्रुवारी २००४ मध्ये डेल्टाने आपले सर्व तेलाचे करार मुदतीपूर्वीच मोडले आणि त्यातून सुमारे आठ कोटी डॉलर पदरात पाडून घेतले. त्यानंतर तेल चढतच गेले. १४ सप्टेंबर २००५ रोजी डेल्टाने दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायालयाकडे संरक्षण मागितले. त्याच दिवशी नॉर्थवेस्ट या दुसऱ्या मोठ्या कंपनीनेही मागितले. डेल्टाच्या दिवाळखोरीला तेल हे एकच कारण होते असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या वर्षी साउथवेस्टचे कुंपण फळाला आले, त्याच वर्षी डेल्टाचे शेत उघडे होते, आणि ते उघडे होते याचे कारण कुंपणाचे लाकूड तिने आधीच चुलीत घातले होते.

आमच्या शेजारच्या काकू आठवड्याला पाच किलो गहू आणतात. बेगमीचे महत्त्व त्यांना आईइतकेच कळते. एप्रिलात एकदम बारा हजार रुपये काढायचे कोठून, एवढाच प्रश्न आहे. भाव वाढला की पहिला चटका त्यांना बसतो, आणि चटका बसला की पुढच्या एप्रिलात बारा हजार निघण्याची शक्यता आणखी कमी होते. विमानकंपन्यांचेही असेच आहे. हक्क घ्यायचा तर हप्ता रोख मोजावा लागतो. वायदा करायचा तर भाव पडताच बँक तारण म्हणून रोख रक्कम मागते. ज्याची पत चांगली, त्याच्याशीच बँक लांबचा करार करते. साउथवेस्टची पत चांगली होती म्हणून तिला कुंपण घालता आले. कुंपण घातले म्हणून तिची पत चांगली झाली, हे अर्धेच खरे. रॅम्पिनी, सूफी व विश्वनाथन या तीन अभ्यासकांनी अमेरिकन विमानकंपन्यांच्या हिशेबांचा अभ्यास करून २०१४ साली हेच दाखवले: कंपनी जसजशी संकटाच्या जवळ जाते तसतसे ती हेजिंग कमी करीत जाते. पाठ्यपुस्तकात मात्र वाचायला मिळते ते उलट, की ज्याला बुडण्याची भीती जास्त तो विमा जास्त घेतो.

कुंपणच शेत खाते, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिची प्रचिती हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिक कंपनीला दोनदा आली. २००८ साली तेल कोसळले तेव्हा तिला करारांपायी सुमारे ७६० कोटी हाँगकाँग डॉलरचा तोटा वहीत दाखवावा लागला. पुढच्या वर्षी तेल पुन्हा चढल्यावर त्यातील काही भाग भरून आला. मग तेल शंभर डॉलरच्या आसपास होते तेव्हा कंपनीने पुन्हा पुढच्या अनेक वर्षांचे करार केले. २०१४ च्या उत्तरार्धात भाव घसरू लागला आणि जानेवारी २०१६ मध्ये तीस डॉलरच्याही खाली गेला. २०१६ या एका वर्षात करारांनी कॅथेचे ८४६ कोटी हाँगकाँग डॉलर खाल्ले, आणि वर्षाचा निव्वळ तोटा होता ५७.५ कोटी. म्हणजे करार नसते तर ते वर्ष चांगल्या नफ्याचे ठरले असते. मात्र हा तोटा २००८ सारखा कागदी नव्हता. स्पर्धक कंपन्या स्वस्त तेल भरून तिकिटे उतरवीत होत्या आणि कॅथेला तिकिटे तर तितकीच उतरवावी लागत होती, तेल मात्र जुन्याच भावाने पडत होते. भाव चढला की कुंपणवाल्याचा फायदा होतो तो यासाठी की इतरांना तिकीट वाढवावे लागते. भाव पडला की नेमके हेच चक्र उलटे फिरते. तेव्हा आपले कुंपण किती उंच, एवढेच पाहून भागत नाही. शेजाऱ्याने घातले आहे की नाही, हेही पाहावे लागते.

याहून विचित्र प्रकार २०२० साली घडला. साथीच्या रोगामुळे विमाने जमिनीवर राहिली. कंपन्यांनी तेलाचे करार केले होते ते अमुक इतके तेल जाळू या हिशेबाने. आता तेल जाळायचेच नव्हते. वर्षाचा गहू भरावा आणि घरात खाणारी माणसेच नसावीत, तशी अवस्था. भाव तर इतका पडला की २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकन तेलाचा वायदा शून्याखाली, उणे ३७ डॉलरवर बंद झाला. सिंगापूर एअरलाइन्सला मार्च २०२० अखेरच्या वर्षात अशा बिनकामाच्या ठरलेल्या करारांपोटी ७१ कोटी सिंगापूर डॉलर तोटा नोंदवावा लागला आणि ४८ वर्षांच्या इतिहासात त्या कंपनीने प्रथमच वार्षिक तोटा जाहीर केला. खाणारी तोंडे निश्चित असली तरच बेगमीचा हिशेब जमतो.

आणखी एक बारकावा. करार बहुधा कच्च्या तेलाचे होतात, कारण त्याचा बाजार मोठा. विमानात मात्र शुद्ध केलेले इंधन भरावे लागते. गव्हाचा भाव बांधला आणि दळणाची मजुरीच दुप्पट झाली तर? या दळणाच्या मजुरीला कंटाळून डेल्टाने, त्याच पूर्वी दिवाळखोरीत गेलेल्या डेल्टाने, २०१२ साली पेनसिल्व्हेनियातील ट्रेनर येथला एक तेलशुद्धीकरण कारखानाच १५ कोटी डॉलरला विकत घेतला. विमानकंपनीने गिरणी घेतली, असे म्हणा ना!

आपल्याकडे या दळणाच्या मजुरीत करही मिसळतो. विमान इंधनाचा भाव तेलकंपन्या दर महिन्याच्या एक तारखेला बदलतात, त्यावर राज्याचा विक्रीकर शेकड्याने बसतो, म्हणजे भाव चढला की करही आपोआप चढतो. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा विमान इंधन त्याबाहेर ठेवले गेले. महाराष्ट्राने २०२३ साली मुंबई, पुणे व रायगड येथील हा कर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. शिवाय तेल डॉलरच्या भावाचे आणि तिकीट रुपयांत. परदेशी बाजारातला कच्च्या तेलाचा कागद यातील एकाच तुकड्याला झाकतो. भारतीय कंपन्या असले कुंपण फारसे घालीत नाहीत, त्याला आपली ही रचनाही कारण असावी असे मला वाटते. पत आणि रोकड यांचा प्रश्न तर आहेच.

अमेरिकेतही चित्र पालटले. अमेरिकन एअरलाइन्सने २०१४ साली नवे करार करणे थांबवले. सगळेच कुंपणाशिवाय असले तर तेल चढल्यावर सगळ्यांचीच तिकिटे चढतात आणि बोजा थोड्याफार उशिराने प्रवाशाच्या खांद्यावर जातो, हा त्यामागचा विचार. साउथवेस्ट मात्र हक्काचे हप्ते भरीत राहिली. २०२२ साली रशिया-युक्रेन युद्धाने तेल भडकले तेव्हा तिला त्याचा फायदाही झाला. परंतु शेवटी २०२५ साली तिनेही हा कार्यक्रम बंद केला. ज्या कंपनीचे उदाहरण देऊन वीस वर्षे हा विषय शिकवला गेला, तिनेच हप्ता परवडत नाही असे ठरवले.

हे मी घरी सांगितले तेव्हा वडिलांना फार आनंद झाला. आईने विचारले, "त्यांची विमाने आता उधारीवर उडतात का?" यंदाच्या एप्रिलात तीनच क्विंटल गहू आला. चौथा शेजारच्या काकूंच्या कोठीत आहे. त्याचे पैसे त्या दर महिन्याला थोडे थोडे देणार आहेत, एप्रिलच्याच भावाने.